रुसलेल्याची खुर्ची

हल्ली बाळकुमात ज्या हॉलमध्ये लग्नं लागतात तिथे खुर्च्यांनासुद्धा कपडे घालतात. पांढरा झगा आणि पाठीमागे साटीनची गाठ. नवरी आणि खुर्ची यांच्यात जास्त नटलेलं कोण, असा प्रश्न पडावा. मी अशा खुर्चीत बसले की माझा हात आपोआप पाठीमागे जातो आणि झग्याखाली चाचपतो. तिथे पिवळा ठिपका आहे का ते बघायचं असतं. तो नसणार हे ठाऊक असतं, तरी हात जातो.

तो ठिपका नानांचा. नाना म्हणजे बाळकुमातले आमचे घरमालक. लग्नानंतर आम्ही त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो, मी ठाण्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले, आणि पहिल्याच महिन्यात नाना जिना चढून वर आले. मला वाटलं, नळाच्या पाण्याबद्दल काही बोलायचं असेल. ते म्हणाले, "बाय, तू मराठी शिकवतंस ना? आमच्या साहेबांना भाषन लिवून दे. पन छोटा लिव. लोकं उन्हात बसलेली असतात."

साहेब म्हणजे आमच्या भागाचे नगरसेवक. नाना आणि साहेब एकाच आळीतले. दोघांचे बाप मिठागरावर राबलेले, दोघं पोरवयात खाडीच्या चिखलात निवट्या मासे धरायला बरोबर जायचे. पुढे साहेब राजकारणात गेले आणि नाना त्यांच्या मागोमाग गेले, म्हणजे अगदी मागेच राहिले. पद नाही, बिल्ला नाही, फोटोत चेहरा नाही. त्या काळी सल्लागार हा शब्द इतका महाग झाला नव्हता, त्यामुळे नानांना तसं कुणी म्हणत नसे. लोक म्हणत, "साहेबांच्या नानांना विचारा." आणि नानांना विचारल्याशिवाय साहेब कुणाच्या बारशाला जात नसत.

नानांच्या सल्ल्याची हत्यारं दोनच होती. एक म्हणजे खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या. साहेब फार लवकर तापायचे. कुणी आडवा प्रश्न विचारला की नाना पुढे होऊन त्यांच्या हातावर गोळी ठेवायचे. गोळी तोंडात असताना माणसाला ओरडता येत नाही, आणि ती विरघळेपर्यंत राग निम्मा झालेला असतो. मी हा प्रयोग नंतर वर्गातल्या पोरांवर आणि घरी नवऱ्यावर केलेला आहे. पोरांवर चालतो.

दुसरं हत्यार खुर्च्यांचं. सभेला पाचशे माणसं येतील असा अंदाज असला की नाना तीनशेच खुर्च्या मांडायला लावत. "बसलेला मानूस मोजता येतो," ते म्हणत, "उभा मानूस गर्दी वाटतो." सभा सुरू झाली की ते सगळ्यात मागच्या रांगेत, स्टेजकडे पाठ आणि मागे उभ्या असलेल्या गर्दीकडे तोंड करून बसायचे. मी एकदा विचारलं, "नाना, भाषण नाही का ऐकायचं? मी लिहिलंय हो!" तर म्हणाले, "भाषन काय ऐकाचा? ऐकनाऱ्यांकडं बघाचा." माझ्या कुठल्या वाक्याला लोक जांभया देतात हे मला नानांकडूनच कळायचं. शिक्षिकेला असं सांगणारा माणूस आयुष्यात एखादाच भेटतो, आणि भेटला की त्याचा आधी रागच येतो. मला आला होता. आज तो माणूस समोर बसावा आणि माझी सगळी वाक्यं त्याने खोडावीत, असं फार वाटतं.

हे सगळं मोडलं ते एका दुपारी, साहेबांच्या ऑफिसात. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. भाषणाचा कागद घेऊन मीही तिथे गेलेले. साहेबांच्या भोवती तेव्हा सफारी घातलेली नवी मुलं जमली होती. पुढच्या सभेसाठी त्यांना मोठं मैदान हवं होतं, हजारो खुर्च्या हव्या होत्या. नाना म्हणाले, "येवढी मानसां येनार नायत. शालेचा मैदान घ्या. खुर्च्या कमी ठेवा." सफारीवाल्यांतला एक हसला. साहेबांचा चेहरा तापला. नानांचा हात खिशात गेला, पण त्या दिवशी गोळी पोचायच्या आत साहेब बोलून गेले.

"नाना, तुला खुर्च्यांच्या पुढं काय सुचतच नाय. येवढ्या आवडतात तर भाड्यानं दे ना खुर्च्या!"

सगळे हसले. साहेबही हसले. नानांनी खिशातली गोळी काढली, कागद उलगडला आणि स्वतःच्या तोंडात टाकली. ती संपेपर्यंत ते गप्प बसून राहिले. मग उठले, "बरं," म्हणाले आणि चालायला लागले. मी त्यांच्यामागे जायला हवं होतं का, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही कळत नाही. मला वाटलं, उद्या येतील.

सभा झाली. मैदान अर्ध्याहून जास्त रिकामं राहिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात पुढे सगळ्या खुर्च्याच खुर्च्या आणि पार लांब साहेब, तांदळाच्या दाण्याएवढे. सफारीवाल्यांनी साहेबांच्या मनात भरवलं की माणसं नानांनीच घराघरात जाऊन अडवली. नानांनी त्या दिवसांत घराचा उंबरठासुद्धा ओलांडला नव्हता. मी वरच्याच मजल्यावर होते, मला माहीत होतं. मी साहेबांना तसं सांगितलंही. पण पडलेल्या माणसाला कुणीतरी ढकलल्याचं ऐकायला बरं वाटतं.

आणि मग नानांनी ते केलं. त्या सभेला खुर्च्या पुरवणारा मांडववाला धंदा गुंडाळून गावी निघाला होता. नानांनी जमिनीचा एक तुकडा बिल्डरला दिला आणि मांडववाल्याकडून त्याच लोखंडी घडीच्या खुर्च्या विकत घेतल्या. कोलशेत रोडवर बंद पडलेल्या कारखान्याची शेड मिळाली, तिथे गोडाऊन टाकलं. दुसऱ्याच्या मालात मिसळू नयेत म्हणून प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर स्वतः बसून पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. काकू, म्हणजे नानांची बायको, मला म्हणाली, "राजकारनात होते तवा घरान मानसां मावत नव्हती. आता खुर्च्या मावत नायत."

मी नानांना विचारलं, "अहो, रागात बोललेलं वाक्य असं मनावर घेतात का?"

"मी त्याला जलमभर सल्ला दिला," नाना म्हणाले. "त्यानं मना एकच दिला. घेयाला नको?"

यात चिडणं किती आणि गंमत किती हे मला आजवर उमगलेलं नाही. पण धंदा मात्र दणदणीत चालला. ठाणे-कल्याण पट्ट्यात तेव्हा जमिनींना भाव येत होता आणि आगऱ्या-कोळ्यांच्या हळदी लग्नापेक्षा मोठ्या होऊ लागल्या होत्या. बाळकुमपासून डोंबिवलीपर्यंत नानांचा टेम्पो फिरायचा. राजकीय सभांना मात्र खुर्ची द्यायची नाही, हा नियम. कारण विचारलं की म्हणत, "ते लोक परत करीत नायत." प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या तेव्हा बाकीचे मांडववाले खूश झाले. नाना कुरकुरले. त्यांच्या मते प्लास्टिकच्या खुर्चीत माणूस पसरतो, लोखंडी खुर्चीत तो लक्ष देऊन बसतो. लोखंडी खुर्चीत बोटंही चिमटतात, असं मी म्हटलं. "म्हनून तर लक्ष देतो!"

गिऱ्हाईक आलं की बाकीचे विचारत, किती माणसं? नाना विचारत, "मानसां किती येनार त्या नको सांगू. रुसलाय कोन, त्या सांग." आगऱ्यांच्या घरात कार्य निघालं की कुणीतरी रुसलेलं असतंच. मामाला आधी विचारलं नाही, थोरल्या काकाचं नाव पत्रिकेत खाली गेलं, आत्याला बोलावणं दुसऱ्याच्या हाती धाडलं. रुसलेला माणूस कोण ते कळलं की नाना स्वतः त्याच्या दारात जायचे. हे काम त्यांच्या भाड्यात धरलेलं नव्हतं. पण नानांच्या खुर्च्या घेतल्या तर मानाचा माणूस मांडवात येतो, अशी कीर्ती पसरली होती, आणि लोक लांबलांबून येत ते त्यासाठीच. राजकारणातली सगळी विद्या त्यांनी हळदीच्या मांडवात आणून ओतली होती.

ती विद्या मी माझ्या घरात पाहिली. माझा दादा ठाकुर्लीला राहायचा. मी स्वतःच्या मनाने लग्न केलं म्हणून तो माझ्याशी बोलत नव्हता. माझ्या मुलाचं बारसं ठरलं तेव्हा नाना खुर्च्यांचं विचारायला वर आले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "आमच्यात तसं काही नसतं." नानांनी प्रश्न पुन्हा विचारला. मग मला रडू आलं आणि मी दादाचा पत्ता सांगितला.

तिथे काय झालं ते पुढे वहिनीने सांगितलं. नाना गेले, पायरीवर बसले, पाणी मागितलं. बारशाचा विषयच काढला नाही. ठाकुर्लीला पाणी कधी येतं, डास किती आहेत, असं बराच वेळ चाललं. उठताना म्हणाले, "पुढच्या रांगेत मामाची खुर्ची ठेवलीय. तुमी नाय आलात तरी ऱ्हाईल. तिच्यावर कोनी बसनार नाय." बस्स. दादा आला. येताना चांदीचा वाळा घेऊन आला आणि दिवसभर माझ्याशी न बोलता माझ्या मुलाला मांडीवर घेऊन त्या खुर्चीत बसून राहिला. निघताना म्हणाला, "बारीक झालीस गं." एवढ्यासाठी मी नानांची जन्माची ऋणी आहे.

"रुसलेला मानूस आपनहून येत नाय," नाना सांगत. "त्याची खुर्ची ठेवाची आनि त्याला आनाला जायाचा. दोन्ही कराचा. एक करून भागत नाय."

आता सांगते ते नानांच्या धाकट्या मुलीच्या हळदीचं. नानांचंच कार्य, मग मांडव केवढा असेल! बँडवाले आले, डोंबिवलीपासूनची माणसं आली, नानांनी आजवर ज्यांना ज्यांना समजावून आणलं होतं ते सगळे रुसवेफुगवे विसरून हजर. पुढच्या रांगेत मधोमध एक खुर्ची रिकामी. तिच्यावर नानांचा खांद्यावरचा टॉवेल. कुणी बसायला गेलं की नाना लांबूनच मान हलवत. खुर्ची कुणाची हे सगळ्यांना कळत होतं. 

बँड वाजत होता तेव्हा मी त्यांना गाठलं. "नाना, साहेबांना बोलवायला तुम्ही स्वतः गेला होतात ना?"

"पुतन्याला धाडला."

"पुतण्याला? सगळ्या जगाच्या दारात तुम्ही जाता आणि तिथे पुतण्या?"

"अगं बाय," नाना लहान मुलासारखे म्हणाले, "तिथं मी रुसलोय ना. रुसलेल्यानं कसं जायाचा?"

मला हसावं की रडावं कळेना. कारण आळीच्या पलीकडच्या टोकाला साहेबही तेच म्हणत बसलेले असणार. त्यांच्या समजुतीप्रमाणे तेही रुसलेलेच होते. दोन रुसलेली माणसं, दोघांना आणायला कुणी तिसरा हवा, आणि त्या कामाचा पट्ट्यातला एकमेव माणूस त्या दोघांपैकीच एक. टॉवेल हळदीच्या शेवटापर्यंत खुर्चीवरच राहिला. नंतर नानांनी तो उचलून तोंड पुसलं.

मध्ये वर्षं गेली. बाळकुमात पहिल्या लिफ्टच्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या. साहेब निवडणूक हरले आणि सफारीवाले दुसऱ्या साहेबांकडे गेले. अशात साहेबांच्या मुलाचं लग्न निघालं. गोडाऊनमध्ये फोन आला तेव्हा मी तिथेच होते, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी खुर्च्या सांगायला आलेले. पलीकडून साहेबांची बायको मलाही ऐकू येईल अशा आवाजात बोलत होती. "नाना भावजी, हजार खुर्च्या पायजेत," एवढंच ती म्हणाली. नानांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "पाठवतो, वैनी." रुसलंय कोण, हे त्यांनी त्या फोनवर विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी त्यांनी हजारातल्या निम्म्यासुद्धा पाठवल्या नाहीत. टेम्पोत चढवताना पोरं म्हणाली, ऑर्डर मोठी आहे. नाना म्हणाले, "हरलेल्या मानसाचा लगीन हाय. हजार मांडल्या तर पेपरातला त्योच फोटो परत दिसंल त्याला." खुर्च्या स्वतः मांडून घेतल्या आणि बाहेर रस्त्यावर टेम्पोत जाऊन बसले. मांडवात पाऊल टाकलं नाही.

मी आत होते. माणसं बेताचीच आली, पण खुर्च्या लगेच भरल्या आणि मागून येणारे कडेने उभे राहू लागले. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या सुमारास मांडव असा फुलून गेल्यासारखा दिसत होता की माहीत असूनही मला ते खोटं वाटेना. साहेब स्टेजवरून बघत होते. त्यांची नजर उभ्या माणसांवरून फिरली, मग बसलेल्यांवर आली, आणि गप्पांसाठी कुणीतरी उलटी फिरवलेल्या एका खुर्चीच्या पाठीवरच्या पिवळ्या ठिपक्यावर थांबली. अक्षता पडल्या. मी आहेर द्यायला वर गेले तर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"खुर्च्या कमी कोनी मांडल्या?"

"तुम्हाला माहीत आहे, साहेब."

"कुठं हाय तो?"

"बाहेर. टेम्पोत."

साहेब स्टेजवरून उतरले, पाहुण्यांमधून वाट काढत रस्त्यावर आले. मी मागून धावले. टेम्पो नव्हता. नानांना डोंबिवलीला दुसरं लग्न होतं, ते नुकतेच निघून गेले होते. साहेब दोन्हीकडे बघत रस्त्याच्या मध्यात उभे राहिले. फेट्याचा शेमला खांद्यावर घसरलेला. शेवटी मुलानेच येऊन त्यांना हाताला धरून आत नेलं.

संध्याकाळी मी तडक गोडाऊनमध्ये गेले. नाना एका खुर्चीचा ढिला झालेला स्क्रू पिळत होते. मी सांगितलं. त्यांनी स्क्रू सोडला नाही.

"रस्त्यापर्यंत आला?"

"आले."

"पायात काय होता?"

मी आठवून पाहिलं. "काही नव्हतं, नाना. अनवाणीच आले."

बोहल्यापाशी असलेला वराचा बाप अनवाणीच असतो. मला ते कळत होतं, आणि आयुष्यभर लग्नाचे मांडव घातलेल्या नानांना तर कळत असणारच. पण तसं आम्ही दोघंही बोललो नाही. नानांनी ती खुर्ची उलगडली, तिच्यात बसले आणि मोकळेपणी रडले. मग नाक पुसून म्हणाले, "म्हंजे आनाला आला. झाला तर मग."

दुसऱ्या दिवशी खुर्च्या परत आणायला टेम्पो गेला तेव्हा ड्रायव्हरशेजारी नाना होते. धंद्यात आल्यापासून परत आणायला ते कधीच गेले नव्हते. टेम्पो दुपारी रिकामाच परतला आणि नाना दिवेलागणीला. खुर्च्या त्यानंतरही सावकाश आल्या आणि त्यातल्या दोन आल्याच नाहीत. त्या साहेबांच्या ओटीवर राहिल्या. मी विचारलं, तर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "भाड्याला गेल्यात."

शाळेतून येताना मला ते दोघं तिथे दिसायचे. फार बोलत नसत. मध्ये लिमलेटच्या गोळ्यांची पुडी. एकदा मी पायरीवर टेकले होते तेव्हा साहेबांनी अचानक विचारलं, "नाना, त्या सभेला किती मांडाला पायजे होत्या रं?" नाना म्हणाले, "तीनशे." साहेब गोळी चघळत राहिले, आणि मग दोघंही इतके हसले की आतून साहेबांची बायको बघायला आली. मला वाटलं, आता हे असंच चालणार. माणसाला असं वाटतंच. एक पावसाळा आणि एक थंडी, तेवढंच चाललं. फेब्रुवारीत साहेब गेले.

शोकसभा शाळेच्या मैदानावर ठेवली. राजकीय सभेला खुर्ची न देण्याचा नियम नानांनी मोडला, किंवा ही सभा राजकीय आहे असं त्यांना वाटलंच नसेल. मला दोन शब्द बोलायचे होते म्हणून मी लवकर गेले. पाहते तर टेम्पोमागून टेम्पो येत होता. गोडाऊनमधली एकूण एक खुर्ची मैदानात उतरत होती, लोखंडी होत्या त्या आणि प्लास्टिकच्याही. पोरं रांगांवर रांगा लावत होती आणि नाना त्यांना अजून मागे, अजून मागे, असं सांगत होते.

मी जवळ गेले. "नाना, इतकी माणसं नाही हो येणार."

"मना माहीत हाय."

"मग? तुम्हीच तर म्हणता, खुर्च्या कमी मांडाव्यात. रिकामं दिसेल सगळं."

नानांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा हात खिशात गेला आणि त्यांनी माझ्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली.

"मानूस गेलाय, बाय," ते म्हणाले. "रिकामा दिसू दे."

मी स्टेजवर काय बोलले ते मला आठवत नाही. वरून दिसलं ते आठवतं. पुढच्या थोड्या रांगा भरलेल्या होत्या. त्यांच्यामागे पार कंपाउंडपर्यंत नुसत्या खुर्च्या मांडलेल्या. आणि अगदी शेवटच्या रांगेत नाना बसले होते, त्या दिवशी पहिल्यांदाच स्टेजकडे तोंड करून.